हरणी : एका चॅम्पियन कारवानी मादीने जातीला काय दिले?

हिंगणा नाका (धागाकर्ती)

हरणी मागच्या महिन्यात गेली, ही बातमी नागपूर आणि आसपासच्या कुत्रेपालकांपर्यंत एव्हाना पोहोचली आहे. अनेकांनी फोन केले, काहींनी जुनी छायाचित्रे पाठवली. सर्वांचे आभार मानून झाल्यावर काकांनी, म्हणजे तिच्या मालकांनी, माझ्याजवळ एकच इच्छा बोलून दाखवली. तिच्या चषकांविषयी पुष्कळ बोलून झाले आहे. आता तिच्या पिल्लांविषयी आणि त्या पिल्लांच्या पिल्लांविषयी ज्याला जे माहीत असेल ते एका ठिकाणी लिहून निघावे, असे त्यांचे म्हणणे आहे. तिला श्वानप्रदर्शनाच्या रिंगमध्ये फिरवण्याचे काम अखेरपर्यंत माझ्याकडे होते, म्हणून सुरुवात मी करते.

या जातीशी परिचय नसलेल्यांसाठी थोडे सांगते. कारवानी ही दख्खनच्या पठारावरची, भक्ष्य नजरेने टिपून वेगाने गाठणारी जात आहे. उत्तर कर्नाटकातील मुधोळ आणि आपल्याकडचे लातूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर हा तिचा मुलूख. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री जोपासली आणि ब्रिटनच्या पाचव्या जॉर्ज राजाला एक जोडी भेट दिली, ही हकीकत बहुतेकांनी ऐकलेली असते. केनेल क्लब ऑफ इंडिया तिची नोंद कॅरव्हॅन हाऊंड म्हणून करतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाऊंड म्हणून. टपाल खात्याने २००५ साली चार देशी जातींवर तिकिटे काढली, त्यांत राजपालयम, रामपूर हाऊंड आणि हिमालयीन मेंढपाळ कुत्रा यांच्याबरोबर मुधोळही होती. पुढे ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तिचा उल्लेख केला आणि नागपुरातही पिल्लांसाठी विचारणा सुरू झाली. मागणी वाढली की केवळ सडपातळ दिसते म्हणून कोणतेही पिल्लू कारवानी म्हणून खपवले जाते, आणि आपल्या शहरात तसे घडलेही. हरणीचे काम किती मोलाचे होते ते या पार्श्वभूमीवर कळते.

काकांनी तिला लातूर जिल्ह्यातील जानवळच्या बाजूच्या एका धनगर कुटुंबाकडून आणले, तेव्हा तिच्या मातापित्यांची कागदोपत्री कोणतीही नोंद नव्हती. परीक्षकांनी तिला प्रत्यक्ष पाहून जात निश्चित केली आणि मगच ती नोंदवहीत आली. रंग फिकट बदामी, डोके लांब आणि निमुळते, छाती कोपरापर्यंत खोल उतरलेली, कंबर वर खेचलेली. पण तिचे खरे वैभव चालीत होते. कारवानीने पाऊल जमिनीवरून स्वच्छ उचलून हलकेच टाकावे, अशी या जातीची अपेक्षित चाल आहे, आणि ती अनेक कुत्र्यांत फरफटलेली किंवा उगाच उड्या मारणारी होऊन बसते. हरणी रिंगमध्ये दुडकी धरायची तेव्हा माझ्या हातातल्या पट्ट्यावर ताण म्हणून जाणवत नसे.

एवढ्यावरही तिला चांगले गुण मिळाले असते, परंतु ती चॅम्पियन झाली ती तिच्या स्वभावामुळे, असे माझे ठाम मत आहे. कारवानीला परक्याने हात लावलेला आवडत नाही. परीक्षक दात पाहण्यासाठी पुढे झाला की उत्तम बांध्याचे कुत्रेसुद्धा मागे सरते, शेपूट पोटाशी घेते, पाठ कमानीसारखी करते, आणि मग त्या बांध्याची परीक्षाच होऊ शकत नाही. हरणी उभी राहायची. ती लाडात येत नसे, शेपूटही हलवत नसे. परीक्षकाकडे न पाहता दूर कुठेतरी नजर लावून शांतपणे तोंड उघडू द्यायची. देशी जातींवर 'बुजरी' म्हणून शिक्का मारणाऱ्या परीक्षकांपुढे तिने जातीचा आब आणि संयम एकाच वेळी दाखवला. तिच्यानंतर मध्य भारतातल्या ज्या कारवानी रिंगमध्ये आल्या, त्यांपैकी मी स्वतः पाहिलेल्या अनेकांमध्ये हे उभे राहणे उतरलेले आहे.

तिची वेते तीनच झाली. नराची पिल्ले शेकडो होऊ शकतात, मादीच्या वाट्याला तेवढे येत नाही. तरीही तिचा ठसा एवढा खोल कसा उमटला, हा या धाग्याचा विषय आहे असे समजावे.

काटोलचा संत्राबाग

ताई, तुम्ही हा धागा काढला हे फार चांगले केले. हरणीच्या दुसऱ्या वेतातली एक मादी आमच्या बागेत आहे आणि तिच्याविषयी लिहिण्याचा मला अधिकार आहे असे मी समजतो.

आमच्याकडे मृगबहाराच्या काळात रोही (नीलगायी) आणि रानडुकरे यांचा त्रास किती असतो ते या भागातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर कुत्री घेऊन शिकारीला जाणे हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच असावा. आम्हाला कुत्रे हवे होते ते कुंपणाच्या आत फिरणारे, जनावराची चाहूल लागताच उठणारे, आणि हाक मारताच मागे फिरणारे. यातली शेवटची गोष्ट शिकारी कुत्र्यात सर्वांत दुर्मीळ असते. यापूर्वी आम्ही पाळलेला एक नर सुटला की दिसेनासा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी कोंढाळीच्या रस्त्यावर सापडायचा. हरणीची ही लेक पूर्ण वेगात असतानाही माझ्या वडिलांच्या आवाजावर वळते.

ती आमच्याकडे आली त्यानंतर तिला कोणीही रिंगचे शिक्षण दिले नाही, परक्या माणसांची सवय लावली नाही. बागेत सहसा घरचीच माणसे असतात. तरी लसीकरणासाठी डॉक्टर आले तेव्हा तिने निमूटपणे तोंड उघडू दिले. ताईंनी लिहिलेले ते 'दूर कुठेतरी नजर लावून' मी घरी वाचून दाखवले, तर आई लगेच म्हणाली, आपली अशीच उभी राहते. म्हणून मला वाटते की हे रक्तातूनच आले असावे.

पशुवैद्य, धंतोली

काटोलच्या दादांच्या निष्कर्षात थोडी भर घालतो. कुत्र्याच्या पिल्लाचा साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसांशी ओळख होण्याच्या दृष्टीने निर्णायक असतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे दीर्घकाळ केलेल्या प्रयोगांतून ही गोष्ट प्रथम पद्धतशीरपणे पुढे आली. हरणीची तिन्ही वेते मी पाहिली आहेत. काकांच्या घरी तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक पिल्लाला रोज वेगळ्या माणसाच्या हातात दिले जाई. त्यांत शेजारची शाळकरी मुले असत, दूधवाला असे, टपाल घेऊन येणारा असे. तुमची मादी तुमच्याकडे येण्यापूर्वीच या काळाचा मोठा भाग पार करून आली होती.

मात्र केवळ संगोपनाने हे घडले असेही मी म्हणणार नाही. पिल्लाला या वयात शांत आई लाभणे हा संगोपनाचा भाग की रक्ताचा, हे वेगळे काढता येत नाही. परका माणूस पिल्लांजवळ आला की घाबरी मादी गुरगुरते आणि ते पिल्ले शिकतात. हरणी मला पिल्ले उचलू द्यायची. तेव्हा तिने स्वभाव दोन वाटांनी दिला असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

आता माझ्या क्षेत्रातील एक गोष्ट, जी नोंदवली जावी अशी माझी इच्छा आहे. धावणाऱ्या जातींचे रक्त इतर कुत्र्यांसारखे नसते. ग्रेहाऊंडमध्ये तांबड्या पेशींचे प्रमाण सामान्य कुत्र्यापेक्षा जास्त, प्लेटलेट कमी आणि थायरॉईडचे टी-फोर संप्रेरक कमी असते, आणि हे त्यांच्यासाठी निरोगी असण्याचेच लक्षण असते. हे लक्षात न घेता अहवाल वाचला तर निरोगी हाऊंडला आजारी ठरवले जाते आणि आजारी हाऊंडचा रक्तक्षय नजरेतून सुटतो. काकांनी पहिल्या वर्षापासून, हरणी पूर्ण ठणठणीत असताना, दर हिवाळ्यात तिचे रक्त तपासून अहवाल एका वहीत चिकटवून ठेवले. पुढे तिला गोचीड ताप झाला (तो आणणारे बबेसिया आणि एर्लिकिया हे दोन्ही जंतू आपल्या भागात वारंवार आढळतात), तेव्हा तिचा तांबड्या पेशींचा आकडा छापील कोष्टकाप्रमाणे 'सामान्य' होता. वही उघडली तर तो तिच्या स्वतःच्या नेहमीच्या पातळीपेक्षा बराच खाली आलेला दिसला, आणि उपचार वेळेत सुरू झाले. आज माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कारवानीच्या मालकाला मी अशी वही ठेवायला सांगतो.

भूल देण्याबाबतही तेच. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी फार कमी असते, आणि ग्रेहाऊंडचे यकृत काही औषधांचा निचरा सावकाश करते, म्हणून थायोपेंटोनसारखी जुनी भूल त्यांना धोक्याची ठरते. शस्त्रक्रियेपूर्वी मालकाने डॉक्टरांना 'हा हाऊंड आहे' एवढे आवर्जून सांगावे.

लातूरकर

मी जानवळजवळच्या गावचा आहे आणि सध्या नोकरीनिमित्त नागपुरात, मानकापूरला राहतो. आमच्या बाजूचे म्हणणेही या धाग्यात यावे.

आमच्याकडे या कुत्र्यांना वंशावळीचा कागद कधीच नव्हता. कोणाच्या कुत्रीला कोणाचा कुत्रा लावला हे गावातल्या जुन्या माणसांच्या तोंडी असते आणि ते चार-पाच पिढ्यांपर्यंत बिनचूक सांगतात. निवड धावण्यावर होत असे. उन्हात टिकत नाही, मोकळ्या रानात दम धरत नाही, अशा कुत्र्याचे वेत कोणी मागत नसे. केसाळ कान-शेपटीची पश्मीही आमच्याच भागात आहे, आणि तिला वेगळे ठेवण्याची काळजी जुने लोक घेत.

शहरातली माणसे गावात येतात, सर्वांत देखणे पिल्लू पैसे देऊन घेऊन जातात आणि ते रक्त गावाला कायमचे दुरावते. एखाद्या गावातली उत्तम कुत्री अशीच वर्षानुवर्षे बाहेर जात राहिली तर मागे काय उरणार? म्हणून नागपूरचे काका पुन्हा गावात आले तेव्हा लोकांनी आधी त्यांनाही तसेच समजले. पण ते पिल्लू न्यायला आलेच नव्हते; हरणीच्या पहिल्या वेतातला नर त्यांनी सोबत आणला होता. ज्या कुटुंबाकडून हरणी घेतली त्यांच्याच दारात त्यांनी तो उभा केला आणि म्हणाले, हा तुमचा. त्याच्या बदल्यात त्यांनी एक पैसाही घेतला नाही. फक्त एवढे ठरवून घेतले की त्याची पिल्ले कोणाकडे गेली ते फोनवर कळवायचे.

तो नर आमच्या भागात बरीच वर्षे होता. त्याची पिल्ले परिसरातल्या वस्त्यांवर आहेत आणि ती रिंगमध्ये कधीच दिसणार नाहीत, कारण ती मेंढरांमागे असतात. चॅम्पियन मादीचे रक्त मूळ मुलखात असे परत आलेले मी दुसरे पाहिलेले नाही.

रिंगसाइड

हरणीबद्दल मला नितांत आदर आहे. तिच्याविरुद्ध माझी मादी रिंगमध्ये होती आणि ती हरली, ते योग्यच होते. तरी एक वेगळा विचार मांडतो.

जगातील कोणतीही प्रस्थापित जात पाहा, तिच्या मुळाशी थोडीच जनावरे आणि त्यांच्यावर धरलेली घट्ट वंशरेषा दिसते. जर्मन बॉक्सरचे उदाहरण घ्या. मेटा फॉन डर पासाज ही पांढऱ्यावर ठिपके असलेली मादी. आजच्या रिंगच्या मापाने ती उभीही राहू शकली नसती, परंतु तिच्या मुलानातवंडांवर पुन्हा पुन्हा वंश धरला गेला आणि त्यातून बॉक्सर घडला. आपल्याकडे कारवानीत अजून एकसारखेपणा नाही. एकाच वेतातली दोन पिल्ले उंचीत आणि डोक्याच्या घडणीत किती वेगळी निघतात ते आपण सारे पाहतो. हरणीसारखी मादी पिढीत एकदा मिळते. मग तिच्या पहिल्या वेतातल्या नराचा मुलगा आणि शेवटच्या वेतातली लेक यांचा संबंध घडवून तिचे गुण पक्के करायला हरकत काय? काकांनी हे कटाक्षाने टाळले, आणि त्यामुळे तिचा साचा विरून जाण्याचा धोका आहे असे मला वाटते.

हिंगणा नाका (धागाकर्ती)

रिंगसाइड दादा, तुमच्याशी रिंगबाहेर यावर अनेकदा बोलणे झाले आहे. आता ते लिहून मांडते, कारण काकांचा सर्वांत मोठा निर्णय हाच होता आणि तो लोकांना नीट समजलेला नाही.

आनुवंशिकीतज्ज्ञ सूअल राइट यांनी १९२२ साली मांडलेला अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे पिल्लाचे आईबाप किती जवळच्या नात्यातले आहेत ते दाखवणारा आकडा, आजही वापरला जातो. सख्ख्या भावंडांच्या संबंधातून होणाऱ्या पिल्लाचा गुणांक २५ टक्के, सावत्र भावंडांचा १२.५ टक्के. तुम्ही सुचवता तो आत्या-भाच्यासारखा संबंध आहे, म्हणजे नराचा बाप आणि ती मादी हे आईकडूनच भावंड असल्याने ६.२५ टक्के. एका वेतापुरते पाहिले तर हा आकडा भयंकर नाही, हे मला मान्य आहे. पण हे आकडे सामाईक पूर्वजाचे आईबाप आणि बाकीची जनावरे परस्परांच्या नात्यातली नाहीत असे गृहीत धरून काढलेले असतात. हरणीच्या स्वतःच्या आईबापांची नोंदच नसेल, आणि गावातल्या मर्यादित कुत्र्यांतून ती आली असेल, तर खरा आकडा कागदावरच्या आकड्यापेक्षा वरच असणार. शिवाय असा संबंध यशस्वी झाला की त्यातून निघालेला देखणा नर प्रत्येकाला हवा असतो, आणि दहा वर्षांत विदर्भातली प्रत्येक कारवानी त्याची लेक किंवा नात होऊन बसते. मग पुढच्या पिढीला नर कोठून आणायचा?

तुम्ही बॉक्सरचे उदाहरण दिलेत, मी बसेंजीचे देते. आफ्रिकेतील ही जात पाश्चात्त्य देशांत मूठभर कुत्र्यांपासून वाढवली गेली, आणि आनुवंशिक आजार इतके पसरले की १९८० च्या दशकात हौशी पालकांना पुन्हा मध्य आफ्रिकेत जाऊन गावांतून नवी कुत्री आणावी लागली. अमेरिकन केनेल क्लबने १९९० मध्ये त्यांच्यासाठी आपली बंद नोंदवही उघडली. त्यांना हजारो मैलांवर जावे लागले. आपली मूळ गावे नागपूरहून एका रात्रीच्या एसटी प्रवासावर आहेत, तेथे आजही कामाची कुत्री आहेत, आणि देशी जातीसाठी परीक्षकांकडून पाहून नोंद करवून घेण्याची वाट हरणीने स्वतः चालून दाखवली आहे. जी श्रीमंती बसेंजीवाल्यांनी गमावून पुन्हा शोधली ती आपल्या दारात असताना आपण एकाच मादीवर जात का बांधावी?

साचा विरून जाण्याची भीती मला समजते. हरणीचे डोके मला तिच्या नातवंडांत दिसले नाही तर वाईट वाटेल. तरी काकांनी तिच्या तिन्ही वेतांना तीन परस्पर असंबंधित नर लावले, एक सोलापूरकडचा, एक मुधोळकडचा आणि एक जानवळकडचाच पण दुसऱ्या घराण्यातला, याचा परिणाम असा झाला की तिचा स्वभाव आणि तिची चाल तीन वेगवेगळ्या बांध्यांत पसरली. लातूरकर दादांनी लिहिलेला नर पहिल्या वेतातला, काटोलची मादी दुसऱ्यातली. या दोघांना शेजारी उभे केले तर ते भावंड वाटणार नाहीत; दोघांना चालवले तर क्षणात ओळखू येतात.

कामठीकर

एका मादीमुळे जातीचे भवितव्य बदलल्याची एक भारतातलीच कथा येथे सांगण्याजोगी आहे. १९२२ साली कानपूर येथे डॉक्टर ॲग्नेस ग्रेग या शल्यविशारद काम करीत असताना एका तिबेटी व्यापाऱ्याच्या पत्नीवर त्यांनी उपचार केले, आणि कृतज्ञता म्हणून त्या व्यापाऱ्याने त्यांना एक लहान मादी भेट दिली. तिचे नाव बंटी. तिबेटन टेरियर ही जात केनेल क्लबच्या नोंदीत आली ती या बंटीपासून सुरू झालेल्या प्रयत्नांतून. केनेल क्लब ऑफ इंडियाने १९३० मध्ये तिला मान्यता दिली. डॉक्टर ग्रेग यांनी बंटीला रिंगमध्ये नेले नसते तर ती एक प्रेमाची भेट एवढीच राहिली असती.

हरणी आणि बंटी यांच्यात मला हे साम्य दिसते की दोघींच्या पाठीशी नोंद ठेवणारा माणूस होता. २०१६ पासून मुधोळ कुत्री मेरठ येथील सैन्याच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली, आणि कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेने राजपालयम, चिप्पीपराई यांच्याबरोबर मुधोळची अधिकृत जात म्हणून नोंद केली. या सरकारी मान्यतेचा उपयोग तेव्हाच, जेव्हा खाली घराघरांत कोणीतरी वही ठेवीत असेल.

रिंगसाइड दादांचे म्हणणे मात्र मी पूर्णपणे बाजूला सारणार नाही. उंचीतील आणि डोक्यातील फरक खरोखर मोठे आहेत, आणि प्रत्येक वेळी पूर्ण परके रक्त आणले तर परीक्षकाने कोणत्या मापाने पाहावे हा प्रश्न उरतोच.

रिंगसाइड

बसेंजीचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे. माझी तडजोड अशी : पुढच्या दोन पिढ्या परके रक्त आणावे, पण नर निवडताना चाल आणि स्वभाव या दोन गोष्टींवर अजिबात सूट देऊ नये, उंचीवर थोडी द्यावी. हरणीचे नेमके हेच दोन गुण उतरले आहेत, तर त्यांनाच जातीचा कणा मानू या. कामठीकरांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यात काही अंशी येते.

वर्धा रोड

मी या विषयात नवीन आहे. आम्ही दहाव्या मजल्यावर राहतो. हरणीच्या वंशातील पिल्लू मिळेल का, आणि आमच्यासारख्यांनी ते घ्यावे का, हे प्रामाणिकपणे सांगावे.

काटोलचा संत्राबाग

दादा, घरात कारवानी शांत असते, दिवसाचा बराच वेळ झोपूनच काढते, म्हणून फ्लॅटमध्ये राहू शकते. अडचण बाहेरची आहे. तिला रोज पूर्ण वेगाने पळता येईल अशी कुंपण घातलेली जागा लागते. पट्ट्यावर कितीही चालवले तरी ती गरज भागत नाही. पूर्ण वेगात तिचे चारही पाय एका झेपेत दोनदा हवेत असतात, आणि त्या वेळी समोर मांजर असो की मोटार, तिला फरक कळत नाही. वर्धा रोडवर ती एकदा हातून सुटली तर काय होईल याचा विचार करा. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा पळण्याची वेळ पहाटेची. डांबरी रस्त्यावर दुपारी तिचे तळवे भाजतात.

पशुवैद्य, धंतोली

आणि कोठूनही पिल्लू घेतले तरी २०१७ चे श्वान प्रजनन व विक्री नियम पाहून घ्यावे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, मादी किमान अठरा महिन्यांची झाल्याशिवाय तिचे वेत घेता येत नाही, आणि तिच्या सबंध आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत. जो विक्रेता पाच आठवड्यांचे पिल्लू हातात ठेवतो, तो त्या पिल्लाचे आईजवळचे सर्वांत मोलाचे आठवडे कापून देत असतो. हरणीच्या पिल्लांना काका दहाव्या आठवड्यापर्यंत सोडत नसत, आणि त्यासाठी त्यांनी ग्राहकांची बोलणीही ऐकून घेतली आहेत.

वर्धा रोड

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. जागेची सोय होईपर्यंत आम्ही थांबतो. एक प्रश्न मात्र आहे : हरणीच्या शेवटच्या वेतातील जी लेक काकांकडे आहे, तिचे पुढे काय ठरले आहे?

हिंगणा नाका (धागाकर्ती)

तुमचा निर्णय वाचून बरे वाटले, आणि प्रश्न योग्य वेळी आला, कारण कालच काकांशी यावर बोलणे झाले.

ती आता तीन वर्षांची आहे. ती वर्षातून एकदाच माजावर येते, बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस. यंदा तिला लावायचा नर लातूरकर दादांच्या मदतीने पाहिला आहे. तो एका मेंढपाळ कुटुंबाचा आहे, हरणीच्या पहिल्या वेतातल्या नराशी त्याचा काहीही संबंध नाही याची खात्री गावातल्या दोन वेगवेगळ्या जाणत्यांकडून करून घेतली आहे, आणि तो उंचीला आमच्या लेकीपेक्षा बराच मोठा आहे. रिंगसाइड दादा स्वतः माझ्याबरोबर येऊन त्याची चाल पाहणार आहेत. त्यांनी नाही म्हटले तर आम्ही दुसरा नर शोधू. डॉक्टरसाहेब दोघांचे रक्त तपासून गोचीड तापाची खात्री करतील आणि योग्य दिवस ठरवण्यासाठी प्रोजेस्टेरॉनची चाचणी घेतील. वेतातली निदान दोन पिल्ले त्या मेंढपाळ कुटुंबाकडे जातील, हे काकांनी आताच कबूल करून टाकले आहे.

ज्यांच्याकडे हरणीची मुले, नातवंडे किंवा पतवंडे आहेत त्यांनी कृपया पुढील माहिती मला व्यक्तिगत निरोपातून पाठवावी : मायक्रोचिप असल्यास तिचा क्रमांक, आई आणि बाप कोण, खांद्यापर्यंतची उंची, आतापर्यंतचे आजार, आणि परक्या माणसाने तोंड उघडले असता ते कुत्रे कसे वागते. शेवटचा तपशील क्षुल्लक वाटला तरी गाळू नये. ज्या कुत्र्यांना कागद नाहीत त्यांचीही माहिती हवी आहे; लातूरकडच्या वस्त्यांवरची माहिती लातूरकर दादा दिवाळीच्या सुटीत गावी जातील तेव्हा गोळा करतील. काकांची मूळ वही माझ्याकडे आहे आणि तिची प्रत ज्याला हवी असेल त्याला मिळेल.